एअरबॅगवाल्या गाडीचं काम: आधी काय सोडायचं, किती थांबायचं, परत कसं जोडायचं

मार्च सरला की विदर्भात तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजसमोर एसीच्या गाड्यांची रांग लागते. कूलिंग कॉइल काढायची तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि डॅशबोर्डसाठी स्टेअरिंग. नेमक्या याच दोन जागी एअरबॅग बसलेल्या असतात. म्युझिक सिस्टिम लावणारा, सीट कव्हर घालणारा, रोह्याला (नीलगायीला) धडकून आलेल्या गाडीचा डेंटर, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग जोडणारा वायरमन, यांतल्या कोणाचंच काम एअरबॅगचं नसतं. हात मात्र सगळ्यांचेच तिच्याजवळ चालतात.

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलला आणि २०२१ संपल्यावर जुन्या मॉडेललाही सक्तीची झाली. पूर्वी फक्त महागड्या गाड्यांत दिसणारी एअरबॅगची पिवळी वायर आता गावातल्या सगळ्यात लहान कारमध्येही आहे. त्यामुळे कामाआधी एअरबॅगची सिस्टिम बंद करायची रीत शोरूमच्या वर्कशॉपपुरती राहिलेली नाही. खाली दिलेला क्रम बहुतेक गाड्यांना लागू पडतो. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल आणि त्यात वेगळं सांगितलं असेल, तर मॅन्युअलचं ऐका.

बॅटरी काढली तरी सिस्टिम जागी असते

बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे, मधल्या कन्सोलखाली जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेला एक डबा असतो. हा एअरबॅगचा मॉड्यूल. पुढे रेडिएटरच्या पट्टीवर आणि काही गाड्यांत मधल्या खांबात धक्क्याचे सेन्सर असतात. धडक ओळखली की मॉड्यूल बॅगमागच्या इन्फ्लेटरला करंट सोडतो. इन्फ्लेटरमध्ये एक बारीक तार आणि स्फोटक दारूची छोटी गोळी असते. ती पेटली की आतला मसाला जळून गॅस होतो आणि साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत बॅग पूर्ण फुगते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणजे हात मागे घ्यायला सवडच मिळत नाही. सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरमध्येही असाच मसाला असतो. फरक इतकाच की तो गॅस पट्टा मागे खेचतो.

ती तार पेटायला एक-दीड अँपिअर करंट एक-दोन मिलिसेकंद मिळाला तरी पुरतो. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग फुटली पाहिजे, म्हणून मॉड्यूलच्या आत कपॅसिटर असतो आणि तो ही वीज साठवून ठेवतो. बॅटरीची तार काढल्यावर तो लगेच रिकामा होत नाही. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये ९० सेकंद थांबायला सांगितलं आहे, होंडा आणि निसानच्या मॅन्युअलमध्ये ३ मिनिटं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या हाताळणाऱ्या गॅरेजने आकडे पाठ करत बसू नये. सगळ्या गाड्यांना सरसकट १० मिनिटं द्या. तेवढ्यात बंपरचे स्क्रू काढून होतात.

‘एअरबॅगचा फ्यूज काढला की झालं’ हा समज सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात धोक्याचा आहे. फ्यूज काढल्याने मॉड्यूलला नवीन वीज मिळत नाही, पण कपॅसिटरमधली तशीच राहते. काही गाड्यांत मॉड्यूलला दोन फ्यूजमधून वीज जाते, त्यामुळे एक काढून काहीच बंद होत नाही. काही गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग बंद करायला चाबीचा खटका असतो. तो मागे तोंड करून बसवायच्या बाळाच्या सीटसाठी आहे. त्याने ड्रायव्हरची बॅग, बाजूच्या बॅगा आणि पट्ट्याचे प्रीटेन्शनर चालूच राहतात. कामापुरती सिस्टिम बंद करायला त्याचा काही उपयोग नाही.

हात लावण्याआधीची तपासणी

गाडी आत घेतली की आधी मालकासमोर चाबी ऑन करा आणि मीटरमधला एअरबॅगचा लाल दिवा पाहा. तो पेटून किंवा लुकलुकून काही सेकंदांत, बहुतेक गाड्यांत ६ सेकंदांच्या आसपास, विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर दोष आधीपासून आहे. मुळीच पेटला नाही तर कोणीतरी मीटरमध्ये हात घातलेला असण्याची शक्यता मोठी. जे दिसेल ते जॉब कार्डवर लिहा आणि मालकाची सही घ्या. पुढचे अर्धे वाद इथेच मिटतात.

अवजारं साधीच लागतात. १० नंबरचा पाना, गोटी पान्याचा सेट, टी-३० टॉर्क्स बिट, टोकाला टेप गुंडाळलेला बारीक चपटा पेचकस, टॉर्क पाना, मार्कर, चष्मा आणि सुती हातमोजे. टेस्ट बल्ब मात्र पेटीतच राहू द्या. इंजिनाच्या वायरिंगवर तो चालतो, पिवळ्या वायरीवर टेस्ट बल्ब म्हणजे बॅगेला थेट करंट. मल्टीमीटरचंही तसंच आहे. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या बॅटरीचा करंट सोडतो. जिवंत, म्हणजे न फुटलेल्या, बॅगेच्या किंवा प्रीटेन्शनरच्या पिनांवर ओहम कधीही मोजू नका, मीटर कितीही चांगला असो.

बॅटरी काढण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. काचा खाली घ्या आणि डिकी उघडी ठेवा, म्हणजे वीज नसताना लॉकमध्ये अडकणार नाही. पुढची चाकं अगदी सरळ करा. आणि स्टेअरिंग लॉकचा विचार आत्ताच करा. काही गाड्यांत बॅगेच्या क्लिपपर्यंत पोचायला स्टेअरिंग फिरवावं लागतं. साध्या चाबीच्या गाडीत बॅटरी काढल्यानंतरही चाबी एक घर फिरवून लॉक सुटतं. बटण स्टार्टच्या काही गाड्यांत लॉक विजेवर चालतं, तिथे बॅटरी काढल्यावर स्टेअरिंग अडकून बसतं.

बंद करण्याचा क्रम

चाबी ऑफ करून बाहेर काढा. बटण स्टार्ट असेल तर रिमोट गाडीपासून लांब, ऑफिसच्या टेबलावर ठेवा. मग बॅटरीची मायनस तार १० च्या पान्याने सोडा. मायनसच आधी, कारण प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. सोडलेला टर्मिनल सुक्या फडक्यात किंवा जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून बाजूला बांधा. नुसता खाली सोडलेला टर्मिनल बोनेट हलवताना परत बॅटरीला टेकतो आणि तुमचं थांबणं वाया जातं.

आता गाडीत दुसरीकडून वीज येत नाही ना, ते पाहा. काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत पुढच्या सीटखाली लहान लिथियम आयन बॅटरी असते, तीही मॅन्युअलप्रमाणे सोडावी लागते. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाऊ नये म्हणून काही जण डायग्नोस्टिक सॉकेटमधून ९ किंवा १२ व्होल्ट देऊन ठेवतात. एअरबॅगच्या कामात हे चालत नाही, कारण त्याच वाटेने मॉड्यूलही जागा राहतो. गाडी ट्रॅक्टरच्या बॅटरीला जंपरने जोडून आणली असेल तर दोन्ही टोकं काढली आहेत याची खात्री करा. इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते. एअरबॅगसाठी तीच सोडायची. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबल असलेल्या भागाला, त्याचं प्रशिक्षण घेतलेलं नसेल तर, हात लावू नका.

सगळं सुटलं की हॉर्न दाबा, पार्किंग दिवे लावून पाहा, आतला दिवा पाहा. सगळं मेलेलं हवं. नंतर घड्याळ पाहून १० मिनिटं थांबा. या वेळात केबिनमध्ये कोणी बसू नये, मॉड्यूलच्या आसपास ठोकाठोक नको.

पिवळे कपलर

एअरबॅगच्या वायरी आणि कपलर (वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे जोड) बहुतेक पिवळे असतात. काही नव्या गाड्यांत बॅगेच्या तोंडाचा कपलर दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून रंग नाही म्हणजे एअरबॅग नाही असं धरू नका. ड्रायव्हरच्या बाजूचा कपलर स्टेअरिंग कॉलमच्या खालच्या कव्हरजवळ सापडतो, शेजारच्या बॅगेचा ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर मागे दिसतो. सीटमधल्या बॅगेचा सीटखाली असतो, प्रीटेन्शनरचा मधल्या खांबाच्या खालच्या कव्हरमागे. पडद्यासारख्या बॅगा छताच्या कडेला, आणि त्यांचे इन्फ्लेटर बऱ्याचदा मागच्या खांबात. कामाच्या जागेजवळचे सगळे कपलर सोडा. नुसती बॅटरी काढून भागवू नका.

कपलर सोडण्याआधी गाडीच्या दारावरच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सीटच्या कापडाला अंग घासून हाताला चटका बसतो, तीच स्थिर वीज इथे नको असते. नायलॉनचे टीशर्ट टाळा.

या कपलरला दुहेरी लॉक असतं. आधी वरची रंगीत पट्टी किंवा खटका टेप लावलेल्या पेचकसने हलकेच उचला, मग बाजूचा खटका दाबून कपलर सरळ रेषेत ओढा. वायरला धरून कधीच ओढू नका. खटका तुटला तर कपलर दिसायला बसलेला वाटतो, पण खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो आणि दिवा लागतो. कपलरच्या आत पितळी पट्टीची एक स्प्रिंग असते. कपलर सुटताच ती बॅगेकडच्या दोन्ही पिना आपसात जोडते, म्हणजे स्थिर वीज आली तरी इन्फ्लेटरच्या तारेतून करंट जात नाही. ही स्प्रिंगच सोडलेल्या बॅगेची मोठी सुरक्षा आहे. पिनेत सुई, टाचणी किंवा मीटरचं टोक घातलं की ती वाकते आणि पुढे कुणाला कळतही नाही.

ज्या बॅगेला दोन टप्प्यांचा इन्फ्लेटर असतो, तिला दोन कपलर येतात. आकार आणि रंग वेगळे असतात, पण जोर लावला तर चुकीच्या जागीही बसू पाहतात. सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

स्टेअरिंगवरची बॅग आणि क्लॉक स्प्रिंग

बॅग बहुतेक गाड्यांत दोनपैकी एका पद्धतीने धरलेली असते. एका पद्धतीत स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंना किंवा मागे छोट्या टोप्या असतात आणि आत टी-३० चे स्क्रू. ते पूर्ण बाहेर येत नाहीत, आतल्या खाचेतून सुटेपर्यंत सैल करायचे. दुसऱ्या पद्धतीत मागे दोन-तीन भोकं असतात. त्यांतून पेचकस घालून आतली तारेची स्प्रिंग सरकवावी लागते. ही स्प्रिंग दाबताना तोंड बॅगेसमोर न ठेवता बाजूला ठेवा. बॅग हळू पुढे ओढा. तिला कपलरशिवाय हॉर्नची वायरही असते.

बॅग निघाल्यावर स्टेअरिंगच्या नटजवळ शाफ्ट आणि चाक दोन्हींवर मार्करने एक रेघ ओढा. नट सैल करून दोन आट्यांवर तसाच राहू द्या आणि चाक दोन्ही हातांनी हलवत ओढा. नट पूर्ण काढून ओढलं तर चाक एकदम सुटून तोंडावर येतं. शाफ्टवर हातोडी मारू नका, पुलर लावा. बसवताना नटला बहुतेक लहान गाड्यांत ३० ते ५० न्यूटन-मीटर घट्टपणा लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा.

चाकामागे क्लॉक स्प्रिंग दिसते, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोल डब्यात गुंडाळलेली चपटी केबल. स्टेअरिंग कितीही फिरलं तरी बॅगेचा, हॉर्नचा आणि बटणांचा संबंध तीच टिकवते. सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडून परत येतात. चाक निघाल्यावर तिला कोणी फिरवलं, किंवा स्टेअरिंगचा रॅक काढताना खालून शाफ्ट फिरला, की मधला बिंदू हरवतो. गाडी दुकानातून नीट जाते आणि पहिल्या मोठ्या वळणावर केबल तुटते. म्हणून चाक काढताच क्लॉक स्प्रिंगवर कागदी टेप लावून तिला जागेवर बांधा. चुकून फिरलीच तर एका बाजूला अगदी हलक्या हाताने थांबेपर्यंत फिरवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत जाताना फेरे मोजा आणि निम्मे परत या. बऱ्याच गाड्यांत हे साधारण अडीच फेरे येतात. शेवटी डब्यावरचे खुणेचे बाण समोरासमोर आले पाहिजेत, निर्णय त्यांचाच.

शेजारची बॅग, सीट आणि पट्टा

डॅशबोर्ड उतरवताना शेजारच्या सीटची बॅग मागच्या लोखंडी आडव्या पट्टीला बोल्टने आणि डॅशबोर्डला हुकांनी धरलेली असते. बोल्ट राहिला आणि डॅशबोर्ड ओढला तर हुक तुटतात. मग धडकेत झाकण ठरलेल्या रेषेवर न फाटता अख्खं उडतं. तुटलेले हुक एम-सीलने किंवा फेविक्विकने चिकटवायचे नाहीत. याच झाकणावर मूर्ती, फोटो फ्रेम किंवा अत्तराची बाटली चिकटवलेली असते. परत देताना ती डॅशबोर्डच्या मधल्या भागात लावून द्या आणि मालकाला कारण सांगा: बॅग फुटली तर ती वस्तू थेट शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येते.

बाजूची बॅग असलेल्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी असते. अशा सीटला त्या बाजूची शिवण उघडी किंवा सहज फाटणारी असलेलंच कव्हर लावा. जाड रेक्झिनचं बंद कव्हर बॅग अडवतं. सीट काढून साफसफाई करताना कपलर सुटलेला असतो. तेव्हा सीट मागेपुढे करायला किंवा गाणी लावायला कोणी चाबी ऑन करू नये.

प्रीटेन्शनरवर तेल, ग्रीस, गरम हवेची गन काहीच नको. धडकेत तो उडाला असेल तर पट्टा अडकून बसतो किंवा बकल खाली खेचलेलं दिसतं. अशी गाडी आली तर अख्खा पट्टा सेट बदलावा लागतो, खोलून दुरुस्त होत नाही.

उतरवलेली बॅग ठेवायची कुठे

बॅग उचलताना तिचं सजावटीचं तोंड अंगापासून दूर असावं. टेबलावर ठेवताना मात्र तोंड वर. चुकून पेटली तर ती फक्त वर उघडेल. उलटी ठेवली तर लोखंडी डबाच छताकडे उडतो. वर काहीही ठेवू नका, एकावर एक रचू नका, खोलून आत काय आहे ते पाहू नका. उंचावरून पडलेली बॅग किंवा मॉड्यूल परत बसवायचा नसतो, दिसायला धड असला तरी.

उष्णतेची काळजी आपल्याकडे जास्त घ्यावी लागते. अनेक कंपन्या ९३ अंश सेल्सिअसच्या वर बॅग ठेवू नका असं सांगतात. चंद्रपूर-अकोल्याच्या नवतप्यातही हवा इतकी तापत नाही. पण उन्हात उभ्या गाडीचं बोनेट, टिनाच्या शेडला लागून असलेला वरचा रॅक, गॅस वेल्डिंगची जागा आणि भट्टी यांपासून बॅग लांबच हवी. सावलीतल्या खोलीत, कुलूप लागणाऱ्या कपाटात, गाडी नंबरची चिठ्ठी लावून ठेवा. गॅरेजच्या पोरांच्या किंवा ग्राहकांच्या लेकरांच्या हाती ती लागता कामा नये.

डेंटिंग, वेल्डिंग आणि पुढचा गार्ड

रोही किंवा रानडुक्कर आडवं येऊन पुढचा भाग दबलेली गाडी म्हणजे सेन्सरच्या अगदी शेजारी हातोडी. बॅटरी सोडून आणि थांबूनच काम सुरू करा. रेडिएटरच्या पट्टीवरचा सेन्सर काढून बाजूला ठेवा. त्यावर बाणाची खूण असते, परत बसवताना ती पुढे हवी आणि पट्टी मूळ कोनात सरळ झालेली हवी. वाकलेल्या पट्टीवर सेन्सर बसला तर धडकेचा अंदाज चुकतो. आर्क वेल्डिंग करायचं असेल तर मॉड्यूलचा कपलरही काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. खांब आणि छताच्या कडेला आच देण्याआधी आत पडद्याची बॅग किंवा तिचा इन्फ्लेटर आहे का ते कव्हर उघडून पाहा.

जनावरांच्या भीतीने लोक पुढे लोखंडी गार्ड मागतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गार्ड धक्का सरळ चॅसीवर नेतो आणि सेन्सरपर्यंत तो वेगळ्याच रीतीने पोचतो. ग्राहकाला हे स्पष्ट सांगा आणि नाही म्हणा.

अपघातग्रस्त गाडीत काही बॅगा फुटलेल्या आणि काही जिवंत असतात. अशा गाडीत माणूस अडकलेला असेल तर बचाव पथकं ५, १० आणि २० इंचांचा नियम पाळतात. बाजूच्या बॅगेपासून ५, स्टेअरिंगपासून १० आणि शेजारच्या डॅशबोर्डपासून २० इंच अंतर. रस्त्यावर मदतीला धावणाऱ्या प्रत्येकाला हा माहीत असावा.

परत जोडताना

बॅटरी शेवटी. आधी मॉड्यूल जागेवर पूर्ण आवळा, त्याच्यावरचा बाण गाडीच्या पुढच्या दिशेला. सैल मॉड्यूलवर चाबी ऑन करणं म्हणजे हातात धडकेचा सेन्सर घेऊन हलवणं. मग सगळे कपलर ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा, वरचं लॉक दाबा, आणि काढलेले फोटो समोर ठेवून एकेक मोजा. वायरी कुठे दबत नाहीत, स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत मोकळं फिरतं, हे पाहा. चाबी कामासाठी फिरवली असेल तर ऑफवर आणा.

केबिन रिकामी करा आणि मगच बॅटरीची मायनस तार जोडा. चाबी ऑन करताना सीटवर बसू नका. बाहेर उभं राहून, अंग आणि डोकं दाराबाहेर ठेवून, हात स्टेअरिंगच्या समोरून न नेता बाजूने घाला. दिवा पेटून विझला की काम झालं. नंतर काचांचं ऑटो सेटिंग आणि घड्याळ पुन्हा करून द्या. स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तो कॅलिब्रेटही करावा लागू शकतो.

दिवा जात नसेल तर

बहुतेक वेळा कारण साधं असतं: कपलर सोडलेला असताना कोणीतरी चाबी ऑन केली आणि मॉड्यूलने दोष लिहून ठेवला. काही गाड्यांत तो स्कॅनरने पुसल्याशिवाय जात नाही. शे-पाचशे रुपयांचे ब्लूटूथ रीडर इंजिनाचे कोड दाखवतात, एअरबॅगचे सहसा दाखवत नाहीत. स्कॅनरवर एअरबॅगचा विभाग उघडतो का, ते विकत घेण्याआधीच पाहा. जवळ नसेल तर गाडी जिल्ह्याच्या वर्कशॉपला पाठवा, पण तोपर्यंत एअरबॅग चालणार नाही हे मालकाला सांगून.

दिव्यासोबत हॉर्न आणि स्टेअरिंगची बटणंही गेली असतील तर आधी क्लॉक स्प्रिंग तपासा. सीट पुढेमागे केली की दिवा लागत असेल तर सीटखालचा कपलर. कोठ्याजवळ, ढेपीच्या किंवा सरकीच्या पोत्यांशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर कार्पेट उचलून उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा. बॅटरी कमजोर असल्यानेही कधी दिवा लागतो. बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा. एअरबॅगच्या वायरीला पीळ देऊन काळी टेप लावणं चालत नाही. सर्किटचा रेझिस्टन्स दोन-तीन ओहमच्या आसपास असतो, एक खराब जोड तो बदलतो. कंपनीने परवानगी दिलेली नसेल तर तो हार्नेसच बदला. म्युझिक सिस्टिमसाठी एअरबॅगच्या फ्यूजवरून वीज घेतलेली दिसली तर ती तिथल्या तिथे काढा.

बॅग फुटली की काही ठिकाणी कपलरमध्ये दोन-तीन ओहमचा रेझिस्टर खोचतात, झाकण शिवून बसवतात आणि दिवा गेला म्हणून गाडी विकतात. घेणाऱ्याला वाटतं बॅग आहे. तो नागपूर-अमरावती रस्त्यावर त्याच भरवशावर लेकरांना घेऊन निघतो. हे काम कोणीही कितीही पैसे दिले तरी करू नका. जुनी गाडी घेणाऱ्यांना दिवा पेटतो का आणि मग विझतो का, दोन्ही पाहायला सांगा. शंका असली तर स्कॅनर लावून आणि झाकण उघडून पाहा.

२०१३ पूर्वीच्या होंडा सिटी, जॅझ, सिव्हिक, अ‍ॅकॉर्ड आणि सीआर-व्ही यांतल्या बऱ्याच गाड्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमुळे परत बोलावल्या गेल्या. त्यातला अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो आणि फुटताना लोखंडी डब्याचे तुकडे उडवतो. अशी गाडी आली तर चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. यादीत असेल तर इन्फ्लेटर कंपनीकडे मोफत बदलून मिळतो. तो बदलेपर्यंत स्टेअरिंग उघडण्याचं काम तुमच्याकडे करू नका.

फुटलेली आणि टाकाऊ बॅग

काम करताना बॅग फुटलीच तर आधी माणूस पाहा. कानात दडे बसतात, डोळ्यांत पावडर जाते, हाताला भाजतं. डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, आणि १०८ ला फोन करा. इन्फ्लेटरचं लोखंड बराच वेळ तापलेलं राहतं, किमान १५ मिनिटं हात लावू नका. नंतर मोजे, चष्मा आणि मास्क घालून बॅग काढा, गाडी पुसून घ्या आणि हात साबणाने धुवा.

न फुटलेली जुनी बॅग भंगारवाल्याला देऊ नका. भंगारात ती हातोडीखाली किंवा आगीत जाते. तिच्यावर गाडी नंबर आणि ‘जिवंत’ असं लिहून, तोंड वर ठेवून, कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे किंवा नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्राकडे द्या. एसटीच्या पार्सलने किंवा कुरिअरने पाठवू नका, कारण वाहतुकीच्या नियमांत ती धोकादायक मालात मोडते. आणि भंगारातून आलेली बॅग स्वस्त मिळाली तरी दुसऱ्या गाडीला बसवू नका. तिला ऊन, पाणी, धक्के काय लागले ते कोणालाच सांगता येत नाही, आणि ती चालते की नाही हे फोडून पाहिल्याशिवाय कळायची सोय नाही.